मदत हवी आहे: १ टीबी हार्ड डिस्क, दोन टूल्स दोन वेगळे आकडे दाखवतात. डीफ्रॅग कशाने करू?

खाडीपलीकडे (ऐरोली):
घरच्या डेस्कटॉपसाठी सल्ला हवा आहे. हार्ड डिस्क एकच, १ टीबी, ७२०० आरपीएम. विंडोज १०, रॅम ८ जीबी. सी ड्राइव्ह १५० जीबीचा आहे, त्यात फक्त ११ जीबी मोकळी. डी वर ऑनलाइन क्लासची स्क्रीन रेकॉर्डिंग्ज, फोटो आणि टॅलीचा डेटा. मशीन चालू केलं की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर असते. दीड-दोन जीबीचं रेकॉर्डिंग कॉपी करायला घेतलं की मध्येच थांबून पुन्हा चालू होतं.
विंडोजचं टूल म्हणतं डी ९ टक्के फ्रॅगमेंटेड (म्हणजे फाइल्स तुकड्यांत विखुरलेल्या), डीफ्रॅगलर हे दुसरं टूल म्हणतं ३४ टक्के. कोणाचं धरायचं? दोन्ही ड्राइव्हना एकच टूल चालेल का? यूपीएसची बॅटरी जुनी आहे, लाइट गेल्यावर जेमतेम दहा मिनिटं मिळतात.

स्पिंडल:
दोन्ही आकडे बरोबर आहेत, मोजायची रीत वेगळी. विंडोज ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे हिशोबात धरतच नाही. एवढा मोठा सलग तुकडा वाचताना हेडला (तबकडीवरून डेटा वाचणाऱ्या टोकाला) मध्ये एखादी उडी मारावी लागली तरी जाणवत नाही, म्हणून. डीफ्रॅगलरला फाइलचे दोन तुकडे दिसले की ती त्याच्या यादीत आली. तुम्ही विंडोजचा आकडा धरा.
टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे कोणत्या फाइलचे किती तुकडे. डीफ्रॅगलरमध्ये ॲनलाइझ करून फाइल लिस्ट उघडा आणि फ्रॅगमेंट्सच्या रकान्यावर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावा. वरच्या पाच-सात ओळी इथे टाका.

खाडीपलीकडे:
पहिल्या सगळ्या रेकॉर्डिंग्जच आहेत. सगळ्यात वर २ जीबीची एक फाइल, तुकडे ४ हजारांच्या आसपास.

स्पिंडल:
मग हिशोब करून बघा. ७२०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे, एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४.२. हेड सरकायला घरगुती डिस्कमध्ये साधारण ९. एका उडीला १३ मिलिसेकंद धरले तर ४ हजार उड्यांना ५२ सेकंद गेले. हीच फाइल सलग असती तर सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने १४ सेकंदांत वाचून झाली असती. पण ही किंमत कॉपी करताना आणि एडिटिंगमध्ये मोजावी लागते. नुसतं लेक्चर बघायला तासाला २ जीबी वाचायचे असतात, तिथे काही फरक पडत नाही. म्हणून अख्खा डी रात्रभर घुसळायची गरज नाही. यादीतल्या वरच्या फाइल्स निवडा, राइट क्लिक, डीफ्रॅग हायलाइटेड.
फाइल्सचे तुकडे कशामुळे होतात, तेही बघा. रेकॉर्डिंग आणि मोठं डाउनलोड एकाच ड्राइव्हवर एकाच वेळी लिहिलं जात असेल तर दोघांचे तुकडे एकमेकांत गुंफले जातात. टॉरेंट वापरत असाल तर सेटिंगमध्ये जागा आधीच राखून ठेवायचा पर्याय असतो, तो चालू करा. रेकॉर्डिंग चालू असताना डाउनलोड थांबवा.

घोडबंदरकर:
थांबा. कॉपी मध्येच अडकते म्हणताय, तेव्हा एकाही फाइलला हात लावायच्या आधी डिस्कची तब्येत बघा. खराब होत चाललेल्या डिस्कवर डीफ्रॅग म्हणजे प्रत्येक फाइल उचलून पुन्हा लिहायची, आणि ज्या सेक्टरना (तबकडीवरच्या बारीक कप्प्यांना) आतापर्यंत धक्का लागला नव्हता तेही उघडे पडतात. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून ०५, सी५, सी६ (या तिन्ही खराब सेक्टरच्या) आणि सी७ या चार ओळींची रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, सांगा.

खाडीपलीकडे:
०५, सी५, सी६ तिन्ही शून्य. सी७ च्या शेवटी ३ई दिसतंय. हा काय आकडा?

घोडबंदरकर:
तो हेक्साडेसिमल (१६ च्या पायावरचा) आहे, ३ई म्हणजे ६२. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचरखाली रॉ व्हॅल्यूज आहे, तिथे १० निवडलंत की नेहमीचे आकडे दिसतील.
तुमच्या डिस्कची आतली तबकडी ठीक दिसते. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या केबलवरून जाताना बिघडलेला डेटा. अशा वेळी तोच डेटा पुन्हा मागवला जातो आणि कॉपी अडकल्यासारखी वाटते. कॅबिनेट बंद करून प्लग काढा, साटा केबल (डिस्कची डेटा केबल) दोन्ही टोकांनी काढून नवी लावा, शक्यतो क्लिपवाली. मदरबोर्डवरचं पोर्टही बदला. खाडीकाठच्या दमट हवेत आणि आपल्याकडच्या बांधकामांच्या धुळीत कनेक्टर खराब व्हायला वेळ लागत नाही. सी७ कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे ६२ लिहून ठेवा. आठवड्यानंतरही ६२ असेल तर दोष केबलचा होता. वाढला तर दुसरं पोर्ट, मग पॉवर सप्लाय तपासा.

मधुरा_कोपरी:
जोडून विचारते. लॅपटॉपला एसएसडी आहे, त्यात विंडोजच्या डीफ्रॅग टूलमधलं ऑप्टिमाइझ दाबलं की काही सेकंदांत संपतं. काही झालंय की नाही कसं कळायचं?

स्पिंडल:
मधुराताई, झालंय. तिथे विंडोज ट्रिम पाठवतं, म्हणजे पुसलेल्या फाइल्सची जागा आता मोकळी आहे हे एसएसडीला कळवतं. फाइल्स हलवायच्याच नसतात. आठवड्याचं शेड्यूल चालू राहू द्या आणि बाहेरचं डीफ्रॅग टूल त्यावर चालवू नका. एसएसडीत चिप असतात, हेडच नाही, त्यामुळे फायदा काही नाही आणि लिहिण्याची झीज मात्र होते. बॅकअपची २.५ इंची यूएसबी डिस्क असेल तर तीही सोडून द्या. त्यातल्या बऱ्याच डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात, एक पट्टा बदलायला शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात आणि डीफ्रॅग संपता संपत नाही.

खाडीपलीकडे:
नवी केबल लावली. कॉपी आता सलग होते, सी७ अजून ६२ च आहे. आता सी चं काय करू?

घोडबंदरकर:
छान झालं. सी ला विंडोजचंच टूल पुरे, पण आधी जागा करा. त्याला निवांत काम करायला १५ टक्के मोकळी लागते, १५० मध्ये साडेबावीस जीबी. डिस्क क्लीनअप उघडून क्लीन अप सिस्टिम फाइल्स दाबा, विंडोज अपडेट क्लीनअप आणि आधीचं विंडोज दिसलं तर त्यावर टिक करा. डाउनलोड्स फोल्डर डी वर हलवा. हायबरनेशन बंद केलं तर आणखी तीनेक जीबी सुटतील, पण त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं, म्हणून तो शेवटचा उपाय.
मग सी वर एरर चेकिंग करा: ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. त्यात चूक निघाली नाही तरच ऑप्टिमाइझ. लाइट गेली तर घाबरू नका. विंडोज आधी नव्या जागी कॉपी करतं आणि मगच नोंद बदलतं. तुमच्या दहा मिनिटांत स्टॉप दाबून नीट शटडाउन करा, मधेच थांबवल्याने काही बिघडत नाही.

स्पिंडल:
एक भर घालतो. सिस्टिम रिस्टोर (विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय) चालू असेल तर डीफ्रॅगमध्ये जुने रिस्टोर पॉइंट्स उडू शकतात, कारण हललेला ब्लॉकही बदल म्हणून साठवला जातो आणि राखीव जागा भरते. टॅलीचा बॅकअप त्याआधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. डीफ्रॅगलरमधलं डीफ्रॅग फ्री स्पेस वापरू नका, मोकळी जागा सलग करण्याच्या नादात ते धड असलेल्या फाइल्सही हलवतं.
आणि चालू होतानाची १०० टक्के डिस्क डीफ्रॅगने थोडीच कमी होईल, कारण तिथे हजारो बारक्या फाइल्स वेगवेगळ्या ठिकाणांहून वाचायच्या असतात. त्यावर खरा इलाज म्हणजे सी साठी २४० जीबीची साटा एसएसडी. तुमचा १५० जीबीचा सी त्यात आहे तसा क्लोन होतो आणि ही डिस्क डी म्हणून राहते. वाशी सेक्टर १७ मध्ये किंवा लॅमिंग्टन रोडला घेताना साटा केबल आणि पॉवरचं एक टोक जास्तीचं आहे ना, ते आधी कॅबिनेट उघडून बघून जा.