मदत हवी आहे: व्हॅलियंटला व्ही-८ बसवू का? गिअरबॉक्सही गेलाय

ओहायोकर
मंडळी, जरा लवकर उत्तर द्या. माझी जुनी प्लिमथ व्हॅलियंट पुढच्या महिन्यात पेनसिल्व्हेनियात कार्लाईलच्या क्रायस्लर मेळाव्याला न्यायची आहे. साठच्या वर गेली की इंजिन किंचाळतं. चढ आला की दम जातो, मागचे ट्रक हॉर्न मारतात. शिवाय फर्स्ट टाकताना खर्रर्र आवाज येतो. इथला मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्स संपला, सगळंच उतरवून आठ सिलिंडरचं व्ही-८ आणि ऑटोमॅटिक बसवा. पैशांची सोय आहे, वेळ नाही. कोणतं इंजिन आणि कोणता गिअरबॉक्स, एवढंच सांगा.

टॉर्शनबार
साल कोणतं? आत्ता इंजिन कोणतं आहे? गिअर स्टिअरिंगवर की खाली? व्हॅलियंट १९६० चीही असते आणि १९७६ चीही.

ओहायोकर
१९६४. सहा सिलिंडर, तेच तिरकं बसवलेलं ‘स्लँट सिक्स’. गिअर स्टिअरिंगवर, तीन.

मोपार_मावळा
डोळे झाकून व्ही-८! १९६४ मध्येच कंपनीने व्हॅलियंटला २७३ घन इंचांचं व्ही-८ द्यायला सुरुवात केली, १८० हॉर्सपॉवर. म्हणजे जागेचा प्रश्नच नाही. माझ्या डॉज डार्टमध्ये ३१८ घन इंचांचं व्ही-८ आहे, बाहेरून तेवढंच. एकदा चालवा, तिरक्या इंजिनाकडे परत बघणार नाही.

टॉर्शनबार
मावळे, जागा आहे हो, पण बाकीचं काय? इंजिनाखालची फ्रेम वेगळी, माउंट वेगळे, एक्झॉस्ट वेगळा. सहा सिलिंडरच्या गाडीला ड्रम नऊ इंची, व्ही-८ ला दहा इंची. मागच्या ॲक्सलमधला मोठा गिअर सव्वासात इंची, तो किती सोसणार? आणि १९६४ चा ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. आधी ब्रेक, मग घोडे. हे सगळं महिन्याभरात उरकायला कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

निळा_फाल्कन
माझ्या फोर्ड फाल्कनला १७० घन इंचांचं सिक्स आणि दोनच गिअरचा फोर्डोमॅटिक होता. तो काढून तीन गिअरचा सी-४ घातला, गाडी बदलली. तुम्हीही ऑटोमॅटिकच घाला. खरं तर फाल्कनच घ्यायला हवी होती, पार्ट्स कुठेही मिळतात.

टॉर्शनबार
फाल्कनचा इनटेक हेडमध्येच ओतलेला, कार्ब्युरेटर मोठा बसवायचा तर हेड कापा. आमच्याकडे इनटेक सुटा, बोल्ट सोडले की झालं. आणि दोन गिअरचं ऑटोमॅटिक क्रायस्लरने व्हॅलियंटला कधी दिलंच नाही, १९६० पासून तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट. तुलना राहू द्या.

निळा_फाल्कन
विषय गिअरबॉक्सचा होता म्हणून अनुभव सांगितला. फाल्कनवर घसरायची गरज नव्हती.

कुर्लेकर काका
प्लिमथ वाचून राहवलं नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जायच्या. आमच्या थोरल्या काकांकडे डॉज होती. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून त्यांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं, गाडी कित्येक वर्षं चालली. ओहायोकर, डिझेलचा विचार केलात का?

टॉर्शनबार
काका, आठवण छानच, पण त्या गाड्यांचं सिक्स साइड व्हॉल्व्हचं होतं. याच्याशी त्याचा एक बोल्टही जुळत नाही.

डबल_क्लच
मूळ तक्रारीकडे येऊ या. ओहायोकर, खर्रर्र आवाज गाडी पूर्ण थांबलेली असताना येतो की सरकत असताना? तुमच्या तीन गिअरच्या डब्यात फर्स्टला सिंक्रो (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी कडी) नाहीच. सेकंड आणि टॉपला आहे. सरकत्या गाडीत फर्स्ट टाकाल तर नवा गिअरबॉक्सही ओरडेल.

आणखी दोन गोष्टी बघून सांगा.

इंजिन नंबर: ब्लॉकच्या वरच्या कडेला, पुढे, प्रवाशाच्या बाजूला, इग्निशन कॉइलजवळ एक सपाट पट्टी आहे. तेलकट मळ पुसा. व्ही १७ असेल तर १७० घन इंच, व्ही २२ असेल तर २२५.

ॲक्सल: गाडी न्यूट्रलला, मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर, अडण्या लावून. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) किती फिरला ते मोजा. तेच तुमच्या ॲक्सलचं गुणोत्तर, म्हणजे गाडी सरळ चालताना चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे होतात ते.

ओहायोकर
फर्स्टचा आवाज सिग्नलला गाडी सरकत असतानाच येतो. पूर्ण थांबून टाकला तर अजिबात नाही! पट्टीवर व्ही १७. शाफ्ट साडेतीनपेक्षा जरासा जास्त फिरला.

डबल_क्लच
मग गिअरबॉक्स ठणठणीत आहे. ॲक्सल ३.५५ चा. तेरा इंची चाकांवर, टायर चोवीस इंच धरला तर ६५ मैलांना इंजिन ३,२०० च्या आसपास फिरतंय, म्हणून किंचाळतंय. २.९३ चा ॲक्सल घातलात तर २,६५० वर येईल, पण १७० ला चढावर ते झेपणार नाही. १७० चा टॉर्क १५५ पाउंड-फूट, २२५ चा २१५. दोन्हींत बोअर ३.४० इंचच, २२५ चा स्ट्रोक एक इंच जास्त, घाटात ओढतो तो तेवढ्यामुळे. माझं मत: पुढेमागे २२५ आणि सोबत कमी गुणोत्तराचा ॲक्सल. माउंट तेच, क्लच हाउसिंग तेच.

या महिन्यात फक्त टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करा. इंजिन गरम असताना इनटेक ०.०१०, एक्झॉस्ट ०.०२० इंच. फीलर गेज अडकत सरकला पाहिजे. या इंजिनांना टिकटिक हवीच. गप्प झाली म्हणजे व्हॉल्व्ह घट्ट आहेत आणि ताकद तिथेच जाते.

मोपार_मावळा
एवढं करून १४५ घोडेच ना? त्यापेक्षा १९७५ नंतरचा चार गिअरचा ओव्हरड्राइव्ह डबा घाला, चौथा ०.७३, म्हणजे चौथ्यात इंजिन शाफ्टपेक्षा हळू फिरतं. ३.५५ राहू द्या, ६५ ला २,३५० फेरे.

टॉर्शनबार
हे मात्र पटलं. पण टनेल (मजल्यातला गिअरबॉक्सवरचा उंचवटा) कापावा लागेल, गिअर खाली येईल, आणि १९६४ चा प्रॉपेलर शाफ्ट चालणार नाही, पुढचा सांधाच वेगळा आहे. हे हिवाळ्यातलं काम.

बटणवाली
ऑटोमॅटिक हवाच असेल तर १९६४ चाच टॉर्कफ्लाइट शोधा. बटणांचं ते शेवटचं वर्ष. स्टिअरिंगच्या डावीकडे बटणं, शेजारी पार्कची दांडी. माझ्याकडे आहे, अंगठ्याखाली बटण आत जातं ते सुख लिव्हरला नाही. मात्र पॅनेल, केबली आणि कूलरवाला रेडिएटर त्याच गाडीचे मिळवा.

ओहायोकर
टॅपेट केले, दोन एक्झॉस्ट फारच घट्ट निघाले. चढावर फरक पडलाय. व्ही-८ रद्द, कार्लाईलला अशीच नेतो. जवळच एक २२५ मिळतंय, १९७२ च्या डार्टमधलं, चालू. घेऊ ना?

डबल_क्लच
थांबा. १९६८ पासून क्रँकच्या मागच्या टोकाचं भोक मोठं केलंय. तुमचा गिअरबॉक्स लावायचा तर त्या क्रँकला जुळणारा पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात बसतं ती नळी) आधी मिळवा, मगच सौदा करा. आणि विकणाऱ्याला इंजिन गाडीत असतानाच चालवून दाखवायला सांगा, गार असताना सुरू करून.