'सबनीस' मधल्या 'सब'ची फोड हवी आहे

चिटणीस म्हणजे चिठ्ठीनवीस, पारसनीस म्हणजे फारसीनवीस. फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा, याचंच 'नीस' झालं इथवर कळलं. आमच्या 'सबनीस' आडनावाचं मात्र अडलंय. हुद्दा माहीत आहे: शिवकाळात गडावर हवालदार, सरनौबत यांच्या जोडीला सबनीस असे, हजेरी आणि दफ्तर त्याच्याकडे. पण 'सब' आला कुठून? घरात 'सब म्हणजे सगळं लिहिणारा' असं सांगतात, मला ते पटत नाही, कारण बाकी जोडांत पहिला शब्द कामाचा आहे. मी पाहिलेल्या मराठी शब्दकोशांत हुद्द्याचाच अर्थ मिळाला. हे आडनाव अनेक ज्ञातींत आहे, त्यामुळे कुळ-गोत्र नको. मोडी वाचता येतं, फारसी नाही. जुन्या कागदांत या हुद्द्याचं मूळ फारसी रूप कुणी पाहिलंय का, आणि ते कसं लिहिलं होतं?