घडियाल आणि गंगा डॉल्फिन यांचे जबडे इतके सारखे कसे?

पाणवठा (प्रश्न):
चंबळ नदीत घडियाल आणि गंगा डॉल्फिन हे दोन्ही प्राणी आढळतात. एक अंडी घालणारा सरपटणारा प्राणी आणि दुसरा सस्तन. तरीही दोघांचे जबडे लांब, चिंचोळे आणि अणकुचीदार दातांनी भरलेले दिसतात. हे साम्य कशामुळे आले? दोघेही मासे खात असतील, तर एका नदीत त्यांचे निभते कसे?

वाळूकाठ:
त्यांचे जवळचे नाते नाही. दोन्ही वंशांत हा आकार स्वतंत्रपणे घडला. रुंद तोंड पाण्यात आडवे फिरवताना पाण्याचा मोठा अवरोध होतो, चिंचोळा जबडा मात्र झटक्यात फिरतो आणि एकमेकांत अडकणाऱ्या दातांमुळे निसरडा मासा सुटत नाही. (आपल्या कृष्णेतील मगर मोठ्या जनावरांनाही धरते, म्हणून तिचा जबडा रुंद आणि दणकट असतो.) मासा शोधण्याची रीत मात्र दोघांची अगदी निराळी आहे. गंगा डॉल्फिनच्या डोळ्यांत भिंगच नसते, त्यामुळे त्याला जेमतेम उजेड-अंधार कळतो. गढूळ पाण्यात तो सतत ध्वनी सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून भक्ष्य हेरतो आणि पुष्कळदा कुशीवर पोहत तळ चाचपतो. घडियालाला चांगले दिसते, शिवाय त्याच्या त्वचेवरील सूक्ष्म संवेदी ठिपक्यांना पाण्यातील हालचाल जाणवते.

संथ वाहते:
दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत असे की, भक्ष्यावरून थोडी स्पर्धा असली तरी दोघांच्या गरजा फार वेगळ्या आहेत. डॉल्फिन उष्णरक्ताचा असल्याने त्याला नियमित खावे लागते, आणि तळाशी राहणारे मासे व कोळंबीही त्याला चालतात. घडियाल शरीराची ऊब उन्हातून मिळवतो, म्हणून त्याचे कमी अन्नात भागते. पण त्याला वाळूचा काठ हवाच. मार्च-एप्रिलमध्ये मादी वाळूत अंडी घालते, पावसाळ्याच्या तोंडावर पिले बाहेर येतात, आणि ती नर होणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरते. डॉल्फिन पाण्याबाहेर कधीच येत नाही आणि एका वेळी एकच पिल्लू देतो.

वाळूकाठ:
वरील उत्तराशी सहमत आहे. वाळूउपसा घडियालाच्या मुळावर येतो, तर उन्हाळ्यात प्रवाह आटून डोह उथळ झाले की डॉल्फिनची कोंडी होते. मासेमारीच्या जाळ्यांत मात्र दोघेही गुदमरून मरतात, कारण श्वासासाठी दोघांनाही पृष्ठभागावर यावे लागते. चंबळ अभयारण्य 1979 पासून आहे, तरी या अडचणी संपलेल्या नाहीत.

पाणवठा:
आभारी आहे. दोन्ही प्राणी पाहण्यासाठी कोणता काळ योग्य ठरेल?

संथ वाहते:
हिवाळा. तेव्हा घडियाल वाळूवर ऊन खात पडलेले असतात. डॉल्फिनसाठी खोल डोहापाशी थांबावे लागेल. श्वास घेताना त्याची पाठ क्षणभरच वर येते, त्यामुळे छायाचित्राची फार आशा बाळगू नये.