१९८७ चा चार्टरविरोध: ती भीती खरी ठरली का?

पेडणेवासी:
गोव्यातलं आमच्या पेडण्याचं मोपा विमानतळ २०२३ साली सुरू झाल्यापासून आमच्याकडे पर्यटनाने काय दिलं-नेलं हाच विषय. पोर्तुगीजांपासून गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांत कळंगुट-हणजुण्याला हिप्पी आले, ते गावातल्याच घरांत राहायचे, भाडं घरमालकाला मिळायचं. १९८५ मध्ये जर्मनीचं पहिलं चार्टर विमान (पर्यटन कंपनीने पर्यटकांसाठी भाड्याने घेतलेलं) दाबोळी विमानतळावर उतरलं आणि हिशेब बदलला. विमान, खोली, सगळ्याचे पैसे परदेशातच कंपनीकडे भरलेले. १९८७ साली 'जागृत गोंयकारांची फौज' ही संघटना त्याविरुद्ध उभी राहिली, पर्यटकांच्या बसवर शेणही मारलं. शेण मारणं मला पटत नाही. पण जमीन आणि पाणी हातचं जाईल, हे त्यांचं म्हणणं खरं झालं. आज डोंगर कापून व्हिला उठतायत आणि वाड्यावर मात्र टँकरची वाट बघायची.

डिचोलीकर:
२०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या वाड्यावर खनिज वाहणारे ट्रक दारात उभे होते आणि बँकेचे हप्ते चालूच. तेव्हा पोरांना कोणी घेतलं? कांदोळीच्या हॉटेलांनीच. पर्यटनाला शिव्या देण्याआधी एकदा आमच्याकडे येऊन बघा.

किनाऱ्यावरची:
पेडणेवासी बाब, आमचा शॅक, म्हणजे किनाऱ्यावरचं हंगामी खानावळीचं झोपडं, आहे म्हणून सांगते. चार्टरवाला दोन-दोन आठवडे राहायचा. खोलीचे पैसे तिकडे गेले तरी दुपारचं किंगफिश आमच्याकडेच खायचा, निघताना पुढच्या सीझनला येतो म्हणायचा. २०१९ मध्ये थॉमस कूक ही चार्टरने पर्यटक आणणारी ब्रिटिश कंपनी बुडाली आणि किनाऱ्यावर ते लगेच जाणवलं. आता शनिवार-रविवारची गर्दी येते, बिअर बाहेरून आणते, बाटल्या वाळूत फोडून जाते. दुसऱ्या दिवशी काचा आम्ही वेचायच्या. आपल्यातलेच काहीजण सरकारी लॉटरीत मिळालेला शॅक परक्याला चालवायला देतात, त्याचाही मला राग आहे.

पेडणेवासी:
बाय, शॅकला माझा विरोध नाहीच. पावसाळ्याआधी बांबू-झावळ्या काढल्या की किनारा मोकळा. व्हिला कोण काढणार? २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) कलम घालून जमिनीचा झोन (तिथे शेती की बांधकाम, ते) बदलायची वाट करून दिली, माझं भांडण तिथे आहे.

डिचोलीकर:
आणि जमीन विकली कोणी? दिल्लीवाल्याने पळवून नेली नाही.

पेडणेवासी:
विकली भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने. त्याच्या जमिनीत घर करून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला कोणी विचारलं? मुंडकाराला घरातून काढता येऊ नये म्हणून १९७५ चा मुंडकार कायदा आहे, तरी मामलेदाराकडे खटले पडून आहेत. ते आधी निकाली काढा, मग व्हिलांना परवाने द्या.