पिझ्झा पोचवणाऱ्या जे. जे. वॉटची गोष्ट पोरांना सांगणं बंद करा

कडूकारले

ती पोस्ट पुन्हा फिरायला लागली आहे. पिझ्झा पोचवणारा गरीब मुलगा, कुणी विचारत नव्हतं, जिद्द सोडली नाही, आणि पुढे बघा, अमेरिकन फुटबॉलमधला सर्वश्रेष्ठ बचावपटू. खाली हात जोडलेले इमोजी आणि "मुलांना जरूर वाचून दाखवा". आमच्या ह्यूस्टनच्या ग्रुपवर एका काकांनी टाकली. तिथेच उत्तर दिलं असतं तर विषय गणपतीच्या वर्गणीवर घसरला असता, म्हणून इथे लिहितोय.

गरीब कुठला? वडील फायर डिपार्टमेंटमध्ये, आईही नोकरी करणारी. गाव विस्कॉन्सिनमधलं पेवॉकी, मिलवॉकीच्या पश्चिमेला तळ्याकाठी, चांगलं खातंपितं. पोरगा तेराव्या वर्षापर्यंत आइस हॉकी खेळत होता. हॉकीच्या किटचं बिल ज्यांनी भरलंय त्यांनी सांगावं तो गरिबांचा खेळ आहे का.

"कुणी विचारत नव्हतं" हेही खोटं. २००७ साली सेंट्रल मिशिगन विद्यापीठाने त्याला पूर्ण स्कॉलरशिप दिली होती. टाइट एंड (समोरच्याला अडवणारा आणि पासही झेलणारा) म्हणून खेळला, मोसमात ८ झेल, ७७ यार्ड. मग त्यानेच ती स्कॉलरशिप सोडली आणि घरी आला. गावाजवळच्या कॉलेजात थोडे विषय घेतले, त्या काळात पिझ्झा पोचवले, आणि २००८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघात वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, गेला. म्हणजे फी घरची. त्यात कॉलेज बदलण्याच्या नियमामुळे तो पूर्ण मोसम बाहेर.

तेव्हा ही गोष्ट पिझ्झ्याची नाही. फुकट मिळालेली जागा सोडून आलेल्या पोराला "बरं, बघ प्रयत्न करून" म्हणणं परवडणाऱ्या घराची आहे. वर उंची ६ फूट ५ इंच, वजन २९० पौंड, आणि एवढं धूड जागच्या जागी ३७ इंच उडी मारतं. काकांच्या चिरंजीवांनी जन्मभर पिझ्झे पोचवले तरी यातलं काय येणार आहे?

मॅडिसनचा_गारठा

वा. म्हणजे फायरमनच्या तीन मुलांच्या घरात फीचे पैसे झाडाला लागत होते म्हणायचं!

कडूकारले, आपण विस्कॉन्सिनमध्ये किती हिवाळे काढलेत? इथे वॉक-ऑन ही श्रीमंतांची चैन नाही, परंपरा आहे. जिम लिओनर्ड इथला वॉक-ऑन, मार्क टाउशर इथला वॉक-ऑन, दोघेही पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळले. गावागावातली अशी पोरं इथे येतात आणि स्काउट टीममध्ये मार खातात. स्काउट टीम म्हणजे पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेऊन आपल्याच पहिल्या फळीकडून तुडवून घ्यायचं. नाव नाही, टीव्ही नाही. वॉटने २००८ चा मोसम हेच केलं आणि वर्षअखेर तिथला सर्वोत्तम ठरला. टाइट एंडचा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीतला कडेचा खेळाडू, झाला तोही याच काळात. उडी जन्मजात असेल, पण अडवायला येणाऱ्या ब्लॉकरचे हात झटकायला जन्मतः कुणी शिकत नाही.

१६ ऑक्टोबर २०१० ला मी इथल्या कॅम्प रँडल स्टेडियममध्ये होतो. अव्वल क्रमांकाची ओहायो स्टेट आली होती आणि आम्ही ३१-१८ ने जिंकलो. वॉटने त्यांच्या क्वार्टरबॅकला, टेरेल प्रायरला, दोनदा सॅक केलं, म्हणजे पास फेकण्याआधीच आडवं केलं. माझ्या शेजारच्या म्हातारबुवांनी मला मिठी मारली. तोवर तिथे मला कुणी नावसुद्धा विचारलं नव्हतं. तेव्हा "परवडणारं घर" वगैरे विश्लेषण आपल्याकडेच ठेवा.

कडूकारले

मिठीबद्दल अभिनंदन. मुद्द्याला उत्तर आलं नाही.

टीपकागद

दोघंही भावनेच्या भरात आहात, जरा नोंदी बघू.

२०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, ह्यूस्टनने वॉटला अकराव्या क्रमांकावर घेतलं. त्याच्या आधी आठव्या क्रमांकावर टेनेसीने जेक लॉकर घेतला आणि दहाव्यावर जॅक्सनविलने ब्लेन गॅबर्ट. दोघेही क्वार्टरबॅक, दोन्ही संघ ह्यूस्टनच्याच गटातले. म्हणजे शेजाऱ्यांनी स्वतःचे क्वार्टरबॅक निवडले आणि त्यांना आडवं करणारा माणूस ह्यूस्टनसाठी सोडून दिला. आणि ह्यूस्टनच्या चाहत्यांनी काय केलं? नाव पुकारल्यावर हुर्यो उडवली.

माझं जुनं दुखणं हेच आहे. या खेळात सगळा मान, सगळा पैसा, सगळ्या जाहिराती क्वार्टरबॅकला. चेंडू फेकणारा तो देव आणि त्याला जमिनीवर आणणारा कोण तर "तो मोठा माणूस". आमच्या ऑफिसात दर सोमवारी चर्चा असते, पण वीस वर्षांत लाइनवरच्या, म्हणजे पहिल्या फळीतल्या, माणसाचं नाव क्वचितच ऐकलं. तीन-चारच्या रचनेत (पुढे तीन लाइनमन, मागे चार लाइनबॅकर) एंडचं काम एरवी हमालीचं: दोन ब्लॉकर अंगावर घ्यायचे आणि मागच्या लाइनबॅकरला वाट करून द्यायची. त्या जागेवरून २०१२ मध्ये २०.५ सॅक, आणि पोचता आलं नाही तर हात वर करून अडवलेले १६ पास. सर्वोत्तम बचावपटूच्या ५० मतांपैकी ४९ त्याला. तेही मोसमाआधी कोपर निखळलेलं असताना, ब्रेस बांधून. याला पिझ्झाही पुरत नाही आणि बापाचा पगारही पुरत नाही.

ह्यूस्टनी_पंत

+१. मी ७ जानेवारी २०१२ ला स्टेडियममध्ये होतो. संघाच्या इतिहासातला पहिला प्लेऑफ सामना, सिनसिनाटीविरुद्ध, १०-१० बरोबरी, मध्यंतराला मिनिटभर बाकी. त्यांच्या अँडी डाल्टनने पास फेकला आणि हा चार पावलांवर उभा. हात वर गेले आणि चेंडू तिथेच चिकटला. अडवला नाही हो, झेलला! मग २९ यार्ड धावत टचडाउन. टाइट एंड म्हणून घासलेले हात तिथे कामाला आले. वर्षभरापूर्वी कॉलेजांच्या रोझ बोल सामन्यात याच डाल्टनच्या टीसीयू विद्यापीठाने विस्कॉन्सिनला २१-१९ ने हरवलं होतं. मॅडिसनकर, आठवतंय ना?

मॅडिसनचा_गारठा

आठवण करून द्यायची काही गरज नव्हती.

केटीची_आई

तुमचं चालू द्या, पण या पोस्टमुळे आमच्या घरात काय चाललंय ते ऐका. मुलगा आठवीत. सातवीत त्याला फुटबॉलपासून कसंबसं थोपवलं होतं. आता सासऱ्यांनी पुण्याहून हीच पोस्ट त्याला पाठवली, आणि तो म्हणतो, "आजोबासुद्धा हो म्हणतात." आजोबांना हा खेळ हाताने खेळतात की पायाने हेसुद्धा माहीत नाही!

क्रिस बोरलंडची गोष्ट का नाही फिरत ग्रुपवर? वॉटच्याच विस्कॉन्सिनचा, २००९ आणि २०१० मध्ये त्याच्याच संघातला लाइनबॅकर. सॅन फ्रान्सिस्कोकडून पहिल्याच मोसमात शंभरावर टॅकल केले आणि मार्च २०१५ मध्ये, चोवीस वर्षांचा असताना, "माझं डोकं मला हवंय" अशा अर्थाचं काहीतरी बोलून निवृत्त झाला. बोनसचा मोठा भाग परत करायची तयारी ठेवून. ती जिद्द नाही का?

ह्यूस्टनी_पंत

ताई, मुलं सायकलवरूनही पडतात. माझा मुलगा हायस्कूलची चारही वर्षं लाइनवर खेळला. आज उत्तम नोकरी, उत्तम डोकं. आमच्या घरात शुक्रवारची, शाळेच्या सामन्याची, रात्र म्हणजे सण होता. त्याच्यामुळे आम्हाला या गावात ओळख मिळाली. नाहीतर आम्ही "ते इंडियन कपल" होतो. हे कुठल्या मंडळाच्या दिवाळीने झालं नसतं.

केटीची_आई

सायकलचा हेतू पडणं नसतो, पंत. लाइनवर प्रत्येक डावाला डोकं आपटतं. मोठा कन्कशन (मेंदूला धक्का) झाला नाही तरी ते साठत जातं. बॉस्टन विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात एनएफएल खेळलेल्या १११ पैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडलं.

टीपकागद

ते मेंदू दान केलेले होते. ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांचेच जास्त. त्यावरून सगळ्यांचं प्रमाण काढता येत नाही.

केटीची_आई

बरोबर. मग किती टक्के चालेल ते तुम्ही सांगा. मी मुलाला तो आकडा समजावून सांगते.

अर्धवटराव

मी फक्त एवढंच म्हणतो की ह्यूस्टनशेजारच्या केटीमध्ये २०१७ साली शाळांसाठी जवळपास ७ कोटी डॉलरचं, १२,००० खुर्च्यांचं स्टेडियम झालं. डॅलसकडे ॲलनमध्ये ६ कोटींचं बांधलं आणि दोन वर्षांत काँक्रीटला भेगा पडून बंद ठेवावं लागलं. माझी मुलगी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. उकाड्यात लोकरी पोशाख घालून पोरं तासन् तास उभी, आणि युनिफॉर्मच्या धुलाईचे पैसे आम्ही पालकांनी केक विकून जमवायचे. फुटबॉलवाल्यांचं पाणीसुद्धा वेगळ्या गाडीतून येतं. यावर कुणी धागा काढेल का?

ह्यूस्टनी_पंत

काढा की तुम्हीच. फुटबॉल नसेल तर तुमचा बँड वाजवणार कुणापुढे?

अर्धवटराव

हा माज बघा! एक तरी गाणं शेवटपर्यंत ऐकलंय का कधी? मध्यंतर झालं की तुम्ही सगळे नाचोच्या रांगेत.

मॅडिसनचा_गारठा

विषय वॉट होता हो.

ताई, बोरलंड मलाही आवडायचा. तो गेला तेव्हा इथे बरेच जण चिडले. मी चिडलो नाही. पण वॉटने उलट निर्णय घेतला म्हणून तो मूर्ख ठरत नाही. दोघांनी आपापलं डोकं वापरलं.

केटीची_आई

वॉटचं पुढचंही सांगा ना मग. २०१६ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया, २०१७ मध्ये पाय मोडला, २०२२ मध्ये हृदयाचे ठोके बिघडले म्हणून शॉक द्यावा लागला आणि तीन-चार दिवसांत गडी पुन्हा मैदानात! हे वाचून दाखवू का मुलाला? "मुलांना जरूर वाचून दाखवा" यात हे नाहीये.

ह्यूस्टनी_पंत

आणि त्याच २०१७ मध्ये हार्वी वादळाने आमचं घर पाण्यात होतं, तेव्हा याच माणसाने ३ कोटी ७० लाख डॉलर जमवले. तेही नाहीये पोस्टमध्ये. तुम्हाला फक्त मोडलेली हाडं दिसतात.

कडूकारले

चला, म्हणजे पोस्ट अपुरी आहे यावर एकमत झालं. मी पहिल्या ओळीपासून दुसरं काय म्हणत होतो?

मॅडिसनकरांना स्काउट टीमचं देऊन टाकतो. एक मोसम तुडवून घेणं ही मेहनतच. पण तो मोसम पोस्टमध्ये नाही, पिझ्झा आहे. कारण दारात पिझ्झा घेऊन उभा असलेला पोरगा फोटोत छान दिसतो आणि तुडवलेला दिसत नाही. वॉट स्वतःही तेच सांगतो म्हणा: कुणाच्या तरी दारात लहान मुलाने ओळखलं आणि विचारलं, "तू जे. जे. वॉट ना? मग पिझ्झा कसा काय पोचवतोस?" हा प्रसंग मलाही आवडतो. काकांना सांगू नका.

मॅडिसनचा_गारठा

"देऊन टाकतो." उपकार झाले.

ह्यूस्टनी_पंत

केटीची_आई, एक शेवटचं. पोराच्या मनात असेल तर तुम्ही थांबवून थांबणार नाही. तुमच्या मिस्टरांचं काय म्हणणं आहे? शाळेच्या फॉर्मवर दोघांपैकी एकाचीच सही लागते.

केटीची_आई

माहीत आहे. म्हणूनच फॉर्म माझ्या पर्समध्ये आहे.