मैदान राखणाऱ्याचा वाटा
बुडत्या क्लबला पैसेवाला मालक किंवा नवा प्रशिक्षकच वाचवतो, हे नेहमी ऐकू येणारे म्हणणे मला अर्धेच पटते. जर्मनीतील बर्लिनच्या युनियन या फुटबॉल क्लबचे उदाहरण पाहावे. २००४ मध्ये पैशांअभावी स्पर्धेत खेळण्याचा परवाना जाण्याची वेळ आली, तेव्हा समर्थकांनी रक्तदान करून त्याचा मोबदला (तिकडे तो मिळतो) क्लबला दिला. पुढे २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक समर्थकांनी जीर्ण स्टेडियम श्रमदानाने नव्याने उभे केले, आणि २०१९ मध्ये हाच संघ जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत पोहोचला.

आमच्या परभणीकडे पातळी फारच लहान, पण अनुभव तोच. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, चेंडू वेडावाकडा उसळतो आणि पोरांचे घोटे मुरगळतात. आमचा संघ सलग हरत होता, तेव्हा कार्यकारिणी डावपेचांवर वाद घालत बसली होती. मैदानावरच्या शिपायाने मात्र भेगा बुजवून, टँकरचे उरलेसुरले पाणी मारून, रोलर फिरवून सरावापुरता पट्टा राखला, आणि शेजारच्या चहावाल्याने मुलांना महिनोन्महिने उधारीवर नाश्ता दिला. संघ सावरला, ती उधारी मात्र, खरे सांगायचे तर, आम्ही अजून पुरती फेडलेली नाही.