ऐक्य प्रार्थना सप्ताह आणि पावसाळ्यातलं मदतकार्य: तीन मंडळ्यांनी एकत्र कसं करावं?

खाडीपल्याड
जय ख्रिस्त. सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या आमच्या गावात कॅथलिक चर्च, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मंडळी आणि भाड्याच्या हॉलात भरणारी पेंटेकोस्टल संगती आहे. १८ ते २५ जानेवारीचा ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताह यंदा मिळून करायचा विचार आहे, पुढे पावसाळ्यात मदतीचं कामही. प्रभुभोजनाचं (भाकर-द्राक्षरसाच्या विधीचं) काय, उपदेश कोणी करायचा, पैसे कोणाकडे? "आमची माणसं ओढून नेतील" ही कुजबुज तर आहेच.

ओटीवरचा वाचक
प्रभुभोजन ठेवूच नका. कॅथलिक कायद्यात इतर पंथांच्या पाळकांबरोबर मिळून मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) करायला मनाई आहे (कलम ९०८), आणि मिस्सामधला उपदेश धर्मगुरू किंवा डीकननेच (धर्मगुरूच्या खालची दीक्षा घेतलेल्या सेवकाने) करायचा असतो (कलम ७६७). म्हणून पाळकसाहेबांना मिस्सामध्ये बोलायला बोलावलंत की फादर अडचणीत येतात. त्याऐवजी नुसती वचन-उपासना (बायबल-वाचन, उपदेश आणि प्रार्थना) ठेवा. तिथे पाळकसाहेब, पास्टर, सिस्टर, कोणीही बोलू शकतं.

तासाभराचा क्रम असा बसतो: गीत, पापकबुली, जुन्या करारातलं वाचन, स्तोत्र, शुभवर्तमान, १२ मिनिटांचा उपदेश, प्रेषितांचा मतांगीकार, मध्यस्थीच्या प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. उपदेश पाहुण्याने करायचा, यजमान चर्चने नाही. बारा मिनिटं म्हणजे बारा. पहिल्याच संध्याकाळी कोणी पाऊण तास घेतला की तिसऱ्या दिवशी बाकं रिकामी.

सगळा मजकूर छापून हातात द्या. प्रभूच्या प्रार्थनेत हमखास घोटाळा होतो: "वाइटापासून सोडीव" म्हणून कॅथलिक थांबतात, बाकीचे "राज्य, पराक्रम, गौरव" म्हणत पुढे जातात, मग दोघंही गप्प. शेवट कुठे ते आधी ठरवा. आणि आपल्या भागातल्या कित्येक कॅथलिक घरांत प्रार्थना कोंकणीत, रोमी लिपीत असते. आजीबाईंना देवनागरी कागद देऊन उपयोग नाही, निदान एक गीत आणि एक वाचन कोंकणीत ठेवा. मराठी गीतांत टिळकांची घ्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातलेच, चाली सोप्या आहेत आणि कोणत्याच पंथाला खटकत नाहीत.

सप्ताहाची प्रार्थना-पुस्तिका दरवर्षी व्हॅटिकनचं ऐक्य खातं आणि जागतिक चर्च परिषद मिळून काढतात. भाषांतर नोव्हेंबरात हातात घ्या, कारण नाताळात कोणाला वेळ नसतो. तारखा पक्क्या करण्याआधी गावच्या जत्रेचा दिवसही विचारून घ्या. बाहेर लाउडस्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते, आणि रात्री १० नंतर बंद.

पेंटेकोस्टल बांधवांशी एक गोष्ट आधीच मोकळेपणी बोला: मोठ्याने एकत्र प्रार्थना, अन्यभाषा (आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणं), प्रार्थना करताना तेल लावणं. "जमणार नाही" म्हणण्यापेक्षा एक संध्याकाळ त्यांच्या हॉलात त्यांच्या रीतीने ठेवा, ज्यांना यायचं ते येतील. बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी हा वाद मात्र या आठवड्यात नको. तो आठ दिवसांत मिटणारा नाही.

हिशोबनीस
पैशाचं थोडक्यात. तिघांच्या नावे सामाईक खातं उघडू नका. प्रत्येकाने आपापल्या नोंदणीकृत ट्रस्टमधून खर्च करावा, पावतीही त्याच ट्रस्टची. एखाद्या ट्रस्टला परदेशी देणगी येत असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा (परदेशी देणगी कायद्याखाली आलेला) पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही, भले ती शेजारची मंडळी असो. सामाईक ठेवायची ती फक्त यादी: कोणत्या वाडीला कोणी काय दिलं.

खाडीपल्याड
आभार. आणि पावसाळ्याच्या कामाची सुरुवात कशी करावी?

पाणंद
वाड्या वाटून घ्या. नाहीतर तिघंही डांबरी रस्त्यालगतच्या वाडीला तांदूळ देतात आणि साकवापलीकडची वाडी कोरडी राहते. मदत घर बघून, धर्म बघून नाही. जुने कपडे घेऊच नका, ओले होऊन कुजतात आणि निवडण्यात माणसं अडकतात. ताडपत्री, दोरी, टॉर्च, तांदूळ, डाळ, मीठ, तेल एवढं पुरे. साठा मे महिन्यातच भरा: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मच्छीमार घरांत तेव्हा पैशाची चणचण असते. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं होतं, तौक्ते तर मे २०२१ मध्येच. पाऊस लागल्यावर खरेदीला निघालात तर उशीर झालेला असतो.

छप्पर उडालेल्या घरी गेलात की आधी फोटो, मग दुरुस्ती. पंचनाम्याआधी पत्रे बसवले की नुकसान दाखवायला काही उरत नाही. एका शिकलेल्या तरुणाला आधार, बँक पासबुक आणि घरपट्टीच्या पावतीच्या प्रती गोळा करून तलाठ्याकडे न्यायचं कामच देऊन ठेवा. काही घरांना तांदळापेक्षा याची गरज जास्त असते.

विहिरी हे एकत्र करण्यासारखं उत्तम काम, फक्त ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सोबत घ्या. नेहमीच्या शुद्धीकरणाला चांगल्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचं प्रमाण १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम. विहीर ३ मीटर व्यासाची आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर थेट विहिरीत टाकू नका. बादलीत कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत काढून तीच बादली विहिरीत सोडून वरखाली करा. तळाचा चुना फेकून द्या. तासभर पाणी उपसू नका, मग ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते थेंब टाकून बघणं). पिवळा रंग आला नाही तर मात्रा कमी पडली. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीला जास्त लागते, तिथे आधी उपसा करून घ्या आणि मात्रा जलसुरक्षकालाच ठरवू द्या. रंग न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जुनी पावडर: दमट हवेत उघड्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो. लहान पाकिटं घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

ओटीवरचा वाचक
कुजबुजीबद्दल राहिलं. लेखी ठरवा: मदतीच्या पिशवीत पत्रिका नाही, कोणत्याही चर्चचा बॅनर नाही, आणि कोणी स्वतःहून मागितली तरच त्याच्यासाठी प्रार्थना. चौथा मुद्दा: दुसऱ्या मंडळीचा सभासद आपल्याकडे येऊ लागला तर त्याच्या पाळकांना किंवा फादरना त्याच आठवड्यात फोन करायचा. कागदावर तिघांच्या सह्या घ्या आणि प्रत तिन्ही कमिट्यांच्या इतिवृत्तात लावा. पाळक बदलून गेले की तोंडी ठरलेलं नव्या माणसाला ठाऊक नसतं.